मामाची चाल

समुपदेशक बाईंचं पेन कागदावर थांबलं. "तुम्हाला भाऊ आहे का?"

मुलाच्या आईने आधी नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, आहे, पण असून नसल्यासारखा.

सात वर्षांच्या मुलाच्या मेंदूत आजार नुकताच शिरला होता. तो आईच्या रक्तातून आला होता. धाकट्या बहिणीची अस्थिमज्जा त्याच्याशी जुळली होती. ती वेळेत चढवली, तर आजार आहे तिथेच थांबेल अशी आशा होती. पण हा आजार घराण्यात आणखी कुणाला आहे का, हे बाईंना हवं होतं. आजी, मावशी, मावसभाऊ कागदावर येऊन गेले. राहिला होता मामा.

तो पितो, आईने सांगून टाकलं. भर दुपारी झोकांड्या खात चालतो. गल्लीतली पोरं त्याला 'झोकांड्या' म्हणूनच हाक मारतात. वडील गेले त्या दिवशी चारचौघांत पायरीवरून कोसळला. तेव्हापासून नऊ वर्षं तिने त्याला दारात उभं केलं नव्हतं.

"पिताना तुम्ही पाहिलंय?"

आई आठवू लागली. बाटली? वास? तिला काहीच आठवेना.

हाच आजार मोठ्या पुरुषांत कधी कधी मेंदू सोडून पाठीच्या कण्यात उतरतो, बाई सांगू लागल्या. पाय हळूहळू ताठत जातात. भावाला एकदा घेऊन या.

निरोप मिळाला आणि मामा दुसऱ्याच दिवशी आला, भिंतीला हात लावत लावत. रक्त तपासलं. आजार तोच निघाला. मज्जा बदलून त्याचे पाय सुधारणार नव्हते. भाच्याच्या बाबतीत मात्र अजून वेळ होती.

मज्जा चढवून तिसरा आठवडा लागला, तेव्हा बहिणीच्या पेशी मुलाच्या अंगात रुजल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेरच्या बाकावर मामा बसला होता. आई त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"दादा, मी रडून दारू सोड म्हटलं, तेव्हा पीत नसतानाही तू 'सोडतो' म्हणालास. का रे?"

"पाय का वळत नाहीत, ते मलाच कळत नव्हतं," तो म्हणाला. "दारू निदान सोडता तरी येते."