जिन्याखालचा पत्ता

पोस्टमनने पाकीट पुन्हा एकदा उन्हात धरलं. आत काही म्हणजे काही नव्हतं. चिठ्ठी नाही, चिटोरं नाही, नुसती हवा.

पादचारी पुलाच्या जिन्याखाली मावशी कुणाच्या तरी पिशवीची चेन बदलत बसली होती. पाकीट हातात घेऊन तिने नेहमीप्रमाणे आधी शिक्का पाहिला, तारीख नीट उमटली आहे ना याची खात्री केली, आणि न फोडताच ते पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं. पेटी, पथारी, सुईदोऱ्याचा डबा आणि पुठ्ठ्याची एक भिंत, एवढाच तिचा संसार.

गेले सात महिने दर मंगळवारी हे असंच चाललं होतं. पाकिटावर मावशीचं नाव आणि खाली झोकात पत्ता: पादचारी पुलाचा जिना, खालची जागा, चष्म्याच्या दुकानासमोर. पोस्टात ते पहिल्यांदा आलं तेव्हा सगळे हसले. पोस्टमनच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. जिन्याखालच्या बाईला लिहितंय कोण? आणि पाकीट धाडतंय, तर आत दोन ओळी का खरडत नाही?

दुसऱ्याचं पत्र त्याने वीस वर्षांत कधी फोडलं नव्हतं. उजेडात धरणं म्हणजे काही फोडणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. घरी बायकोने निकाल देऊन टाकला, "मुलगा असेल परगावी. लिहायचा कंटाळा, म्हणून नुसती पाकिटं धाडत असेल." त्याला ते पटलं. पण एकदा त्याने शिक्का निरखून पाहिला, तर तो त्याच्याच पोस्टाचा! आणि अक्षर? मावशी गिऱ्हाइकांच्या पिशव्यांना नावाच्या चिठ्ठ्या टाचायची, तेच ते. म्हणजे बाई स्वतःच स्वतःला पाकिटं धाडत होती. पोस्टमनला गलबलून आलं. कोणीच नसलं की माणूस काय काय करतं! तेव्हापासून तो तिच्यापाशी दोन मिनिटं जास्त रेंगाळू लागला. विचारायला मात्र त्याची जीभ रेटेना.

गुरुवारी त्याच पत्त्यावर आणखी एक पाकीट आलं. हे जाडजूड होतं, रजिस्टर्ड, पोचपावतीसकट. पाठवणार: नगरपालिका, अतिक्रमण विभाग. आत काय असणार हे ओळखायला उजेडाची गरज नव्हती. असली पाकिटं त्याने फळवाल्याला दिली होती, चांभाराला दिली होती. पोचपावतीवर सही झाली की पंधरा दिवसांत ट्रक हजर.

तो कोपऱ्यावर बराच वेळ सायकल धरून उभा राहिला. मग त्याने पेन काढलं आणि पाकिटावर शेरा मारला, 'या पत्त्यावर कोणीही राहत नाही.' खाली सही ठोकली. पोस्टमनच्या शेऱ्याची कोणी फेरतपासणी करत नाही. आजवर त्याने एकही खोटा शेरा मारला नव्हता. पण संध्याकाळच्या थैलीतून पाकीट परत गेलं, आणि घरी तो दोन घास जास्तच जेवला.

शुक्रवारी टपाल नसतानाही तो मुद्दाम जिन्याखाली गेला.

"मावशी, तुमच्यावरचं मोठं संकट मी काल परस्पर परतवलं."

"कसलं रे?"

"जागा खाली करायची नोटीस आली होती. मी लिहून टाकलं, इथे कोणी राहतच नाही."

मावशीच्या हातातली सुई थांबली. "माझ्या नावावर होती? पत्ता अस्साच होता?"

"तंतोतंत."

मग तिने पेटी उघडली. सगळी पाकिटं तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधलेली होती.

"बेघरांना खोल्या मिळतात त्या कचेरीत गेले होते," ती म्हणाली. "कारकून म्हणतो, तुम्ही याच शहरात बेघर आहात याला पुरावा काय? पत्ता दाखवा. मी ही पाकिटं नेली. तर म्हणतो, घरगुती चालत नाहीत. तुमच्या नावावर, त्या पत्त्यावर आलेला सरकारी कागद आणा, यादीत नाव घालतो. आता मला सरकार कशाला पत्र धाडतंय?"

"मग?"

"मग पत्ता टपालात रुळलेला राहावा म्हणून पाकिटं चालूच ठेवली, आणि मीच नगरपालिकेत तक्रार केली. जिन्याखाली एक बाई बेकायदा राहते, तिला हटवा, म्हणून."

पोस्टमन पायरीवर बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "यादी कधी बंद होते?"

"सोमवारी. पुढची सहा महिन्यांनी." ती रागावली नव्हती, तेच त्याला जास्त लागलं.

त्याने झोळीतून कोरा कागद काढला आणि मांडीवर धरून नगरपालिकेला लिहू लागला. 'मी या भागाचा पोस्टमन. या जिन्याखाली एक बाई राहते. दर मंगळवारी मी स्वतः तिच्या हातात पत्र देतो. काल मी मारलेला शेरा खोटा होता.' इथे त्याचा हात अडला. वीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली. मग त्याने सही केली आणि खाली आपला बिल्ला नंबर घातला.

मावशीने कागद दोनदा वाचला. डोळे पुसले आणि मान हलवली.

"हे झालं कबुलीपत्र. आता खाली लिही, तिला ताबडतोब हटवा. आणि जरा कडक लिही. मागच्या वेळी मी 'कृपया' घातलं होतं, तर तीन महिने लागले."