पालकांच्या रांगेत

जांभळ्या टी-शर्टातल्या पोरीने डेल्फिनाला नाव विचारलं, ते स्टिकरवर ठसठशीत लिहिलं, खाली 'पालक' असं लिहिलं आणि म्हणाली, "पालकांचं डावीकडे, मॅडम. कॉफी आत ठेवलीय."

डेल्फिना अडतीस वर्षांची होती आणि विद्यापीठातला हा तिचा स्वतःचा पहिला दिवस होता. 'अगं, विद्यार्थिनी मीच,' एवढंच म्हणायचं होतं. पण मागे रांग खोळंबली होती. तिने स्टिकर छातीवर लावला आणि गपगुमान डावीकडे गेली.

गावच्या कम्युनिटी कॉलेजात असं झालं नसतं. तिथे संध्याकाळच्या वर्गाला निम्मे लोक कामावरून थेट येत. कुणाच्या मांडीवर पोर असे, आणि ते रडलं तर सरच त्याला खिडकीपाशी नेऊन ट्रक दाखवत. इथे सकाळपासून जी पोरं दिसली ती काल शाळेतून सुटल्यासारखी. पालकांच्या दालनात मात्र तिच्यासारखी डोकी होती, पिकलेली, दमलेली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

शेजारच्या खुर्चीत एक धिप्पाड बाई येऊन बसली. स्टिकरवर नाव वाँडा.

"गव्हाच्या मुलखातून आलेय," ती म्हणाली. "माझा एव्हरेट. एकुलता एक, आणि एकुलत्या एकासारखाच आळशी. तुमचं कोण?"

"मुलगी," डेल्फिनाच्या तोंडून निसटलं.

"नाव काय?"

"डेल्फिना."

वाँडाने स्टिकर वाचला. "ते तुमचं झालं. लेकीचं?"

"तेच. आमच्यात आईचं नाव ठेवतात लेकीला."

हे खोटं नव्हतं. तिच्या आईचं नाव डेल्फिना, आजीचंही डेल्फिना. फक्त तिला लेक नव्हती.

"दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून आलीय," ती पुढे म्हणाली. एकदा सुटलं की तोंड थांबेना. "थेट तिसऱ्या वर्षाला. मातीचा अभ्यास करणार आहे. तिथे पहिली यायची, पण तिथे सगळे ओळखीचे. इथे तीनशे पोरांच्या वर्गात हात वर केला तर सगळी वळून बघतील, याचीच भीती घेऊन बसलीय."

"मग?"

"सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरायची ती. मुकादमाने जागा सोमवारपर्यंत राखून ठेवलीय. परत जावं म्हणते."

"आणि तुम्ही तिला घेऊन जाणार?"

डेल्फिनाने हातातला पेला फिरवला. कॉफी गार होत चालली होती.

"अहो, बाई," वाँडा म्हणाली, "वळून बघतील तर बघू द्या. माना त्यांच्या, दुखतील तर त्यांच्या दुखतील. माझ्या ठोंब्याला रोज उठवावं लागतं, तो इथे आलाय. तुमची स्वतःच्या पायांनी आलीय. तिला माघारी नेलंत तर पाप लागेल तुम्हाला."

"माझं ऐकत नाही ती."

"तर मग मला दाखवा कुठाय. मी सांगते."

एवढ्यात मंचावरच्या बाईंनी सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. इथली रीतच होती ती. कमानीकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पालकांनी उभं राहायचं, नव्या मुलांनी मधून चालत जायचं, पालकांनी टाळ्या वाजवायच्या आणि तसंच गाडीत बसून घरी निघायचं.

मुलं आली. वाँडाने एका हातात आपला कॉफीचा पेला सावरत दुसऱ्याने डेल्फिनाचं मनगट घट्ट धरलं. "एव्हरेटला बजावलंय मी, मागे वळून बघायचं नाही. बघितलंस तर मी इथेच भोकाड पसरेन."

एव्हरेट आला, लांबुडका, लाल कानांचा. नाकासमोर बघत गेला तो थेट कमानीखालून पार.

"बघितलं नाही मेल्याने!" वाँडा म्हणाली आणि रडायला लागली.

डेल्फिनाने आपला रुमाल तिला दिला. मुलं संपत आली होती. सगळ्यांत शेवटी दुसऱ्या कॉलेजांतून आलेले पाच-सहा जण येत होते, 'ट्रान्सफर' असा फलक घेतलेल्या एका बाईच्या मागून. त्यात एक दाढी पिकलेला होता, एक पोटुशी होती. टाळ्या विरळ झाल्या होत्या, काही पालक गाड्यांकडे निघालेही होते.

"तुमची यांच्यातच असणार," नाक पुसत वाँडा म्हणाली. "कुठली? दाखवा की!"

फलक समोरून पुढे गेला. डेल्फिनाला कळत होतं, आत्ता नाही तर सोमवारी शेड.

"हे धरा जरा," ती म्हणाली आणि आपला कॉफीचा पेला वाँडाच्या रुमाल धरलेल्या हातात दिला. छातीवरचा स्टिकर ओढून काढला. चिकटलेला होता, निघताना सदऱ्याचे धागे घेऊन निघाला. मग ती वाटेवर उतरली आणि पिकल्या दाढीच्या मागे चालायला लागली.

मागून, गव्हाच्या शेतातून पलीकडच्या बांधाला हाक मारावी तशी हाक आली.

"डेल्फिना! चल पुढे, पोरी! मागे बघू नकोस!"

कमानीपाशी डेल्फिनाने वळून बघितलं. वाँडाच्या दोन्ही हातांत दोन पेले होते, टाळ्या वाजवायची सोय नव्हती, म्हणून ती धिप्पाड बाई रडत रडत जागच्या जागी पाय आपटत होती.