कृष्णनाथ कुठल्या पानावर?

"तुमी माका काडून कित्याक उडयलो?" गोव्यातल्या लाटंबार्सेच्या वाचनालयात कृष्णनाथाने उभे राहून विचारले. मला काढून का टाकलेत, असा त्याचा सवाल होता.

लेखिका विनोदिनी तळवणेकर यांच्या हातातला सत्काराचा नारळ हातातच राहिला. प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे, असे ग्रंथपाल संजनाने बजावले होते. पण कृष्णनाथाला गावात नाव सांगायची गरज उरली नव्हती. विनोदिनीबाईंच्या कादंबरीवरचा सिनेमा याच गावात चित्रित झाला होता. त्यात खाणीवरचा हा निवृत्त ट्रकवाला आपल्याच ट्रकात बसून नायिकेला एक वाक्य बोलला होता, "बाय, फुडें रस्तो ना." नायिका थांबते, मागे वळते, घरी जाते, सिनेमा संपतो. तेव्हापासून बसथांब्यावरची पोरे त्याला पाहिले की हेच वाक्य ओरडत, आणि तो वरवर रागावत असे.

मग वाचनालयात कादंबरी आली. आरतीसंग्रहाच्या पलीकडे पुस्तक हातात न धरलेल्या कृष्णनाथाने ती घरी नेली, ती परत द्यायचे नावच घेईना. सिनेमा पुस्तकावरून काढला, म्हणजे आपण पुस्तकात असणारच, हा त्याचा सरळ हिशेब. आपले पान येईपर्यंत एक ओळही गाळायची नाही, म्हणून त्याने प्रस्तावनासुद्धा वाचली. प्रस्तावना वाचणारा तो गावातला पहिलाच.

"अहो, तो ट्रकवाला दिग्दर्शकाने घुसडला," संजनाने त्याचे नाव आणि ते वाक्य कानात सांगितल्यावर विनोदिनीबाई म्हणाल्या. शेवट बदलला म्हणून त्या सिनेमावर इतक्या चिडल्या होत्या, की त्यांनी तो पाहिलाही नव्हता. "माझ्या कादंबरीत त्या रस्त्यावर कोणीच नाही. कोणीच नसणं, हाच तर सगळा मुद्दा आहे."

"म्हणूनच बुडली ती पोरगी!" कृष्णनाथ उसळला. "चेडूं खाणीच्या वाटेन वळ्ळें, हांवें म्हटलें, आतां हांव येतलों. खंदकाचें उदक दिसूंक लागलें, म्हटलें, आतां तरी येतलों. पान परतलें. हांव ना! कोणूच ना!" त्याने हवेतच पान उलटून दाखवले. "सरळ उदकांत गेलें तें, बाई. आनी हांव घरांत बसून वाचतां."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. कृष्णनाथाची बायको कमलाक्षी मागे वळली, तसे हसणे जागच्या जागी विझले.

"हंसूं नाकात," ती म्हणाली. "आवय गेली तेव्हांय हे रडूंक नाशिल्ले. हें पान वाचलें त्या दिसा जेवूंक नात."

विनोदिनीबाईंनी नारळ टेबलावर ठेवला. समीक्षकांनी त्या शेवटाला 'अटळ' म्हटले होते, त्यावर भाषणे झाली होती. त्या मुलीसाठी कोणी ताटावरून उठले, हे मात्र त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना फार बरे वाटले, आणि बरे वाटल्याची थोडी लाजही वाटली.

"कृष्णनाथबाब, पुस्तक हाडलां?" त्यांनी विचारले. बाई मूळच्या पेडण्याच्या; तिथली माणसे सभेत मराठी बोलतात, मन भरून आले की मराठी राहत नाही, कोकणी येते.

पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत होते, पिशवी कमलाक्षीच्या मांडीवर. विनोदिनीबाईंनी ते पान काढले आणि पेनाचे टोपण उघडले. पुस्तकात पेन्सिलीची रेघ दिसली तरी पोरांना दंड करणारी संजना मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली. दोन परिच्छेदांमधल्या चिमटीएवढ्या जागेत बाईंनी बारीक अक्षरात लिहिले : 'बाय, फुडें रस्तो ना,' कृष्णनाथ म्हणाला. खाली सही केली.

टाळ्या पडल्या. संजनाने चहा आत बोलावला. कृष्णनाथाने चष्मा पुसून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, शाई वाळली का ते बोटाने पाहिले. मग त्याने पान उलटले.

तिथे खंदकाच्या काठावर अख्खा गाव जमला होता. मुलीची आई छाती पिटत होती. बाप्ये पाण्यात दोर सोडत होते.

कृष्णनाथाने टेबलावरचे पेन उचलून पुन्हा विनोदिनीबाईंपुढे धरले.

"आतां हांकां सगळ्यांक घरा धाडात, बाई."