मुखरूचा प्रॉम्प्टर

झाडीपट्टीत, वडशाच्या नाटक कंपनीत मुखरू लोकांना हसवायचा आणि मी, रामाजी, विंगेतून त्याला वाक्यं सांगायचो. वाक्य विसरला की तो डावा कान माझ्याकडे झुकवून उभा राही. ऐकू आलं नाही तर ओठ न हलवता पुटपुटे, "जोरानं, भाऊ." त्याच्या टाळ्यांतल्या निम्म्या माझ्या, असं मी उघड सांगायचो.

हिंदी विनोदी सिनेमात त्याला नायकाचं काम मिळालं, तेव्हाही सगळे संवाद त्यानं माझ्याकडूनच बसवून घेतले. शेवटचा प्रसंग राहिला आणि मुखरू गेला. मुंबईवाल्यांनी दुसऱ्याला उभं करून, त्याला कॉम्प्युटरनं मुखरूचा चेहरा लावून सिनेमा पुरा केला.

चंद्रपूरला पहिल्या दिवशी दुपारच्या शोला मी त्याच्या मुलीसोबत, दिव्यानीसोबत बसलो होतो. शेवटच्या प्रसंगात मुखरू बोलता बोलता थांबला. डावा कान झुकवला. लोक हसले. मी सवयीनं वाक्य पुटपुटलो आणि तेच तो बोलला. थेटर टाळ्यांनी दणाणलं. मी छाती काढून बाहेर पडलो. असा प्रॉम्प्टर अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरीच होतो. दुपारी दिव्यानीचा थेटरातून फोन आला.

"काका, बाबा कवाचे चूप उभे हायेत. आता कोणी हासून नाई राह्यलं. तुमच्या कालच्या खुर्चीकडंच पाहून राह्यले."

"फोन पडद्याकडं धर, बाई," मी म्हणालो आणि वाक्य सांगितलं.

मग फोनमधून अगदी हळू आवाज आला, "जोरानं, भाऊ."