इस्नाला चढणारे साहेब

"साहेब आज इस्नालाच चढणार ना, मॅडम?" चादर झटकता झटकता रजबने विचारलं.

"चढतील," ओडेट म्हणाली आणि तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.

तीन दिवस हा खोली आवरणारा मिशाळ बाप्या तेच विचारत होता. साहेब कधी येणार ते याला कशाला हवं? की ही बाई अजून किती दिवस एकटी आहे, त्याचा हा हिशेब? ओडेटच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती लक्सरला नाईलवरच्या या बोटीत पाय ठेवल्यापासूनच चुकचुकत होती.

खरं तर थाप तिचीच. बॅग खोलीत आणून ठेवताना रजबने विचारलं होतं, सोबत कोण? पासष्ट वर्षांची बाई एकटीच बोटीवर आली आहे, हे काही तिच्या जिभेवर येईना. "साहेब मागून येताहेत, इस्नाला चढतील," असं तिने ठोकून दिलं. वर पुरावा म्हणून नवऱ्याचा, फायेकचा चष्मा दुसऱ्या पलंगाच्या उशाशी ठेवला. फायेकला जाऊन अकरा महिने झाले होते.

आणि असते तरी ते कुठे आले असते? अडतीस वर्षांत तिने बोटीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं. "बोटी गोऱ्या लोकांसाठी. आपल्याला नदी पुलावरून दिसते की." कैरोत शुब्राच्या घरून कामावर जाताना रोज पूल लागायचा, एवढं मात्र खरं.

खाली जेवणाच्या खोलीत ख्रिसमसचं झाड उभं होतं आणि पाहुणे टर्कीवर ताव मारत होते. हा त्यांचा ख्रिसमस. ओडेट कॉप्टिक ख्रिश्चन, तिचा यायला अजून तेरा दिवस होते, तोवर उपास. दूध नाही, अंडं नाही, मांस नाही. हे तिने बोटीवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मनगटावरचा गोंदलेला क्रूससुद्धा बाहीखाली होता. तरी काल उशीवर रोजच्या चॉकलेटऐवजी तीन खजूर. याला कुणी सांगितलं? आणखी काय काय ठाऊक आहे याला? खजूर तिने कागदात गुंडाळून ठेवून दिले, तोंडाला लावले नाहीत.

दुपारी बोट इस्नाच्या बंधाऱ्याच्या दरवाजांपाशी थांबली. सगळे वर धावले, म्हणून तीही गेली. खाली होडीतले फेरीवाले ओरडत होते, टेबलक्लॉथच्या गुंडाळ्या वर फेकत होते, वरचे लोक झेलत होते. इस्नाला माणूस कुणीच चढलं नाही. चढतच नाहीत इथे, बोट फक्त पाण्याची पातळी बदलेपर्यंत थांबते, हे शेजारच्या बाईकडून तिला आत्ता कळलं. म्हणजे रजबला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! आणि तरी तो रोज तोंड वर करून विचारत होता.

ती तशीच जिन्याकडे वळली. तर समोरून रजबच. तिला पाहून तो चपापला, भिंतीला चिकटून वाट दिली आणि भराभर निघून गेला.

खोलीत उशाशी चष्मा नव्हता.

तिने उशा उचलल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं, बॅग उपसली. डाव्या काडीला फायेकनी स्वतः काळा दोरा गुंडाळलेला तो जुना चष्मा, चोराच्या तरी काय कामाचा? फायेकचं बाकी सगळं तिने वाटून टाकलं होतं, एवढंच ठेवलं होतं. बस्स. मॅनेजरला बोलवायचं, या माणसाला घरी बसवायचं आणि पुढच्या थांब्याला, एडफूला उतरून आगगाडीने सरळ कैरो गाठायचं. लेकीने लाख सांगितलं होतं, जा म्हणून. तिचं ऐकलं हीच चूक.

तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. पडदा ओढलेला होता. तिने तो कधीच ओढला नव्हता.

तिने तो खसकन बाजूला केला.

खिडकीशी खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. टॉवेलांचं पोट, उशीची छाती, पांढऱ्या नॅपकिनचं गोल डोकं. हातात कालचा पेपर. नाकावर फायेकचा चष्मा.

मागे दाराशी रजब खाकरला.

"साहेब चढले, मॅडम. तुम्ही म्हणाला होतात तसे, इस्नाला."

"चष्म्याला हात कुणाला विचारून लावलास?" तिचा आवाज चिरकला.

"कुणालाच नाही, चुकलं माझं." तो चौकटीतच थांबला. "पण काचांवर धूळ जुनी होती, मॅडम. रोज घालायचा चष्मा असा नसतो. आमच्या आईने बाबांची काठी अशीच सहा वर्षं दाराशी ठेवली होती. घरात बाप्या आहे असं लोकांना वाटावं म्हणून."

ओडेटने मनगटावरची बाही आणखी खाली ओढली.

"उपासाचं म्हणाल, तर चॉकलेटं तुम्ही दोन्ही दिवस तशीच ठेवलीत, त्यावरून कळलं. हे मोडून टाकतो लगेच." तो पुढे आला.

"राहू दे." तिने दुसरी खुर्ची ओढून शेजारी लावली. "अडतीस वर्षांत आज पहिल्यांदा बोटीत बसलेत."

रजब दार लोटून गेला. बोट दरवाजांतून सुटली आणि केळीच्या बागा हळूहळू मागे सरकू लागल्या. ओडेटने कागदाची पुडी सोडून एक खजूर तोंडात टाकला. चष्मा जरा वाकडा बसला होता, तो काढून तिने पदरासारख्या ओढलेल्या शालीच्या टोकाने काचा पुसल्या आणि नीट, पाण्याकडे तोंड करून बसवला.

"आता सांगा," ती म्हणाली, "पुलावरून अशी दिसते का?"