दोन वाडगे

तोवाको कुसाकाच्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या तरुणाने तिकीट दाखवलं, कार्ड घेतलं, वाकून आभार मानले आणि सिनेमागृहात न शिरता आल्या वाटेने निघून गेला. त्याच्यानंतरच्या दोन शाळकरी मुलीही तशाच गेल्या. मग एक बाई कार्ड पर्समध्ये टाकून वळली, तेव्हा तोवाकोला राहवलं नाही.

"सिनेमा नाही बघणार?"

"छे हो. मुलाला सोनेरी पुकू हवा होता, म्हणून आले," बाई म्हणाली. "सिनेमा काय, पुढेमागे टीव्हीवर लागेलच."

पुकू हा फोनवरच्या खेळातला मासा. बोट टेकवलं की फुगायचा आणि वर तरंगायचा. त्याने अख्ख्या जपानची बोटं झिजवली होती. त्याच्यावर लहानथोरांसाठी सिनेमा काढायचं ठरलं आणि दिग्दर्शनाचं काम तोवाकोकडे आलं. तिने त्यात जीव ओतला. पण तिकिटाबरोबर एक कार्ड मिळे, त्यावरचा आकडा फोनमध्ये घातला की सोनेरी पुकू हाती लागे. त्यामुळे गावोगावी सगळे खेळ हाऊसफुल्ल होते आणि आत खुर्च्या रिकाम्या.

"दुसरा भाग मी करणार नाही," तिने निर्मात्याला, माकिताला सांगून टाकलं होतं. "दुसरा काय, कुठलाच सिनेमा नाही आता. माझं काम एका तरी माणसाने डोळे उघडून बघितलंय, असं दाखवा मला."

माकिताने डोकं खाजवलं होतं. "टोकियोत बसून कसं दिसणार, कुसाकासान? इथे सगळ्यांना घाई. ताकामात्सुला जा. तिथली माणसं निवांत असतात. गाडीचं आणि सिनेमाचंही तिकीट मी काढून देतो."

"प्रेक्षक नाही भेटले तर?"

"तर तिथल्या उदोन शेवया खाऊन या. त्या तरी फसवत नाहीत."

म्हणून ती आली होती. आत शिरली तर दोनएकशे खुर्च्यांच्या त्या थिएटरात चिटपाखरू नव्हतं. ती हताश होऊन आपल्या जागेवर बसली. दिवे मालवता मालवता एक आजोबा आत आले, तिच्या पुढच्याच रांगेत थोडे बाजूला बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

तोवाकोने मग पडद्याकडे पाहिलंच नाही. सिनेमा तिला पाठ होता. ती आजोबांकडे बघत राहिली. एकटा म्हातारा माणूस, बरोबर नातवंड नाही, हातात फोनही नाही. हा कशाला आला असेल?

आजोबा हसले. पुकू जाळ्यात अडकून फुगला तेव्हा हसले, बोटीवाल्याची टोपी उडाली तेव्हाही हसले. एकदा तर विनोद व्हायच्या किंचित आधीच हसले. तोवाकोला गंमत वाटली. म्हणजे यांनी हा सिनेमा आधीही पाहिलाय तर!

मग म्हाताऱ्या खेकड्याचा प्रसंग आला. या प्रसंगावरून तिने सगळ्यांशी भांडण घेतलं होतं. खेकडा समुद्रशेवाळाचं सूप करतो, फळीवरून दोन वाडगे काढतो, थोडा वेळ बघत राहतो आणि एक परत ठेवून देतो. बस, एवढंच. मुलं कंटाळतील, कापा, असं जो तो म्हणाला होता. माकितासुद्धा.

आजोबांचे खांदे हलायला लागले. त्यांनी टोपी तोंडावर दाबून धरली.

तोवाको खुर्चीत पुढे सरकली. पुढे दीपगृहाचा प्रसंग आला, जिथे रडू यावं म्हणून खास संगीत घातलं होतं. तिथेही आजोबांनी रुमाल काढून डोळे टिपले, पण आता ते कोरडे असावेत. शेवटची नावं सरकून दिवे लागेपर्यंत दोघंही रीतीप्रमाणे बसून राहिली.

बाहेर आल्यावर तिने त्यांना गाठलंच. "आजोबा, कसा वाटला सिनेमा?"

"अप्रतिम," आजोबा अदबीने म्हणाले. "दीपगृहाचा प्रसंग तर काळजाला भिडतो."

"पण रडलात तुम्ही आधी. वाडग्यांपाशी."

आजोबा गोंधळले. बुटांकडे बघू लागले. "दिसलं का तुम्हाला? माफ करा."

"माफी कसली? तो प्रसंग मी केलाय. सगळे म्हणत होते, कापून टाका."

"का?"

"मुलांना कळत नाही म्हणे."

"मुलांना कसं कळेल?" आजोबा हळूच म्हणाले. "दोन वाडगे काढायची सवय लागायला पन्नास वर्षं जातात. मोडायला किती लागतात, ते मला अजून माहीत नाही."

कितीतरी दिवसांनी तोवाकोला फार आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटत होती. तिने तिथेच फोन काढून माकिताला कळवलं, दुसरा भाग करते, पण एकही प्रसंग कापू देणार नाही. मग आजोबांपुढे कमरेत वाकली. आजोबा तिच्याहून खाली वाकले.

सरकत्या जिन्यावरून ती दिसेनाशी होईपर्यंत आजोबा तिथेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"माकितासान, काम झालं. हसायच्या तुम्ही सांगितलेल्या सगळ्या जागा साधल्या, एक जरा लवकर झाली, पण बाईंना शंका आली नाही," ते म्हणाले. "एका चुकीची मात्र मनापासून क्षमा मागतो. रडायचं तुम्ही दीपगृहापाशी ठरवून दिलं होतं. मला वाडग्यांपाशीच आवरलं नाही."