पाय धुताना
सुकाबुमी शहरातल्या पोलीस ठाण्यात, दोन शाळांच्या मारामारीत पकडलेल्या पोरांना माफी मागण्यासाठी आपापल्या आईचे पाय धुवायला बसवलं होतं. गालिहने वार्तिनीचा पाय हलकेच टबात ठेवला. "आई, टाचेला भेग पडलीय. झोंबतंय का?" याच हातांनी सकाळी त्याने दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या डोक्यात दगड घातला होता. सात टाके पडले होते. वार्तिनीला काही उमगेना. "कोण होता तो?" "माहीत नाही." "मग मारलंस कशाला?" "त्यांच्या शाळेचा शर्ट होता अंगात. सगळेच मारत होते." तो बोटांच्या बेचक्या निगुतीने पुसत राहिला. "इबू, आई आहात तुम्ही, पोराच्या डोक्यावर हात ठेवा, माफ केलं म्हणा, घेऊन जा घरी," हवालदार म्हणाला. तिच्याने हात उचलवेना, पायही काढून घेववेना. शेवटी तिने त्याचं मनगट धरलं. "आधी दवाखान्यात चल, त्या मुलाकडे." "तिथे काय बोलू?" "त्याचं नाव तरी विचार."